एका दरबारात एक दबीर

मराठी माणसाला आपलं आडनाव सांगितलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कुठले?" म्हणजे कुठले कुलकर्णी, कुठले जोशी, सातारचे की नगरचे? मग दोन मिनिटांत मूळ गाव, कुलदैवत, कोणाची तरी आत्या, असं करत करत नातं निघतं किंवा निघत नाही. ह्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे. आडनाव म्हणजे कुळाची खूण, खूण सारखी असली की मागे कुठेतरी रक्त सारखं असणार. ह्या गृहीतकाला सुरुंग लावणारं एक आडनाव आहे आणि आज त्याबद्दलच लिहायचंय.

ते आडनाव म्हणजे दबीर.

पाटील-देशपांड्यांच्या मानाने हे आडनाव कमी ऐकू येतं. फोनवर सांगितलं तर समोरचा "कबीर का?" असं विचारण्याचीच शक्यता जास्त. पण शिवचरित्र वाचलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. शहाजीराजांनी १६४० च्या सुमारास बाल शिवाजीबरोबर पुणे जहागिरीचा कारभार पाहायला जी माणसं दिली त्यांत पेशवे होते, मुजुमदार होते, सबनीस होते आणि सोनोपंत दबीर होते. महाराजांनी जानेवारी १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या दिवशी महाबळेश्वरला जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली, तेव्हा त्यांच्याबरोबर सोनोपंतांचीही तुला केली. यावरून ह्या माणसाचा मान लक्षात यावा. त्यांचा मुलगा त्र्यंबक सोनदेव महाराजांबरोबर आग्र्याला होता. १७ ऑगस्ट १६६६ ला महाराज निसटले आणि मागे राहिलेले त्र्यंबकपंत आणि रघुनाथ बल्लाळ कोरडे मोगलांच्या हाती सापडले. दोघांनी तिथे कैद आणि छळ सोसला. पुढे राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत त्र्यंबकपंतांचे चिरंजीव रामचंद्रपंत होते. आजोबा, वडील, मुलगा. तीन पिढ्या एकाच कामावर.

आता हे 'काम' काय ते बघू. दबीर हे मुळात आडनाव नाहीच, ते डेसिग्नेशन आहे. फारसीत दबीर म्हणजे लेखनिक, चिटणीस, दरबाराचा पत्रव्यवहार सांभाळणारा. आणि शिवाजी महाराजांच्या दरबारात दबिराकडे होतं परराष्ट्र खातं.

लेखनिकाचा एकदम परराष्ट्रमंत्री कसा झाला? ह्यात विचित्र काही नाही. त्या काळी दुसऱ्या राज्याशी संबंध ठेवणं म्हणजे मुख्यतः पत्रं लिहिणं. कोणाला कोणता किताब लावून लिहायचं, कुठे नमतं घ्यायचं, कुठे नुसतं नमतं घेतल्यासारखं दाखवायचं, हे सगळं त्या कागदावर ठरायचं. एक शब्द चुकला तर तह बिघडायचा. फारसी जगात ही एक स्वतंत्र कलाच होती. बाराव्या शतकात निझामी अरूझीने 'चहार मकाला' हा ग्रंथ लिहिला. राजाला कोणते चार लोक लागतातच, हा त्याचा विषय. दबीर, कवी, ज्योतिषी आणि वैद्य. ह्या यादीत पहिला नंबर दबिराचा! आपल्या दख्खनमध्येही बहमनी वजीर महमूद गवानच्या पत्रांचा संग्रह नमुना म्हणून वाचला जायचा.

तर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी एक मोठा निर्णय घेतला. राज्यकारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द आणायचे. त्यासाठी रघुनाथपंत हणमंत्यांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. दहा वर्ग, सुमारे १४०० शब्द. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि दबिराचा सुमंत. नव्या सार्वभौम राज्याला स्वतःची भाषा हवी, हा विचार त्या काळात केवढा धाडसी होता ते सांगायला नको. आज सरकारी कागदावर आपण सचिव आणि मंत्री लिहितो त्यामागे ही परंपरा आहे.

पण आडनावांवर कोशाचा अंमल चालला नाही. लोकांनी एकदा नाव लावलं की लावलं. म्हणून आज महाराष्ट्रात दबीरही आहेत आणि सुमंतही आहेत. मुजुमदारही आहेत आणि अमात्यही. वाकनीसही आहेत, मंत्रीही. एकाच खुर्चीची जुनी आणि नवी पाटी दोन वेगळ्या घरांच्या दारांवर लागलेली. सिस्टिम अपग्रेड केली तरी जुन्या व्हर्जनची युजरनेम्स तशीच राहतात ना, तसं. पेशवे तर बघा, कोशाने रद्द केलेला शब्दच पुढे शंभर वर्षं अख्ख्या हिंदुस्थानात गाजला.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला खरी मजा वाटली ती ह्याच्या मागे गेल्यावर.

'दबीर' हा शब्द इस्लामी राजवटींबरोबर इकडे आला असं आपण धरून चालतो, कारण फारसी म्हटलं की डोळ्यांसमोर सुलतान येतात. पण गुजरातमध्ये भावनगरजवळ वलभी नावाची राजधानी होती, मैत्रक राजांची. सहाव्या-सातव्या शतकातले त्यांचे संस्कृत ताम्रपट सापडले आहेत. ताम्रपटाच्या शेवटी तो कोणी लिहिला त्याचं नाव असतं. तिथे स्कंदभट नावाचा अधिकारी भेटतो आणि त्याचा हुद्दा आहे 'संधिविग्रहाधिकृत दिविरपति'. संधिविग्रह म्हणजे तह आणि युद्ध, थोडक्यात परराष्ट्र खातं. आणि दिविरपति म्हणजे दिविरांचा प्रमुख. 'दिविर' हा इराणी 'दिबीर'चाच संस्कृत अवतार. म्हणजे शिवकालाच्या हजार वर्षं आधी, सुलतानांचा मागमूस नसताना, वलभीच्या हिंदू राजाकडे परराष्ट्र व्यवहार बघणारा 'दबीर' होता! खातंसुद्धा तेच.

काश्मीरमध्येही दिविर होते. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने आपल्या विडंबनांत कायस्थ आणि दिविर मंडळींची, म्हणजे लाचखोर कारकुनांची, यथेच्छ धुलाई केली आहे. बाराव्या शतकात कल्हणाच्या राजतरंगिणीतही दिविर येतात. सरकारी ऑफिसातल्या कारकुनावर वैतागणं ही परंपरा किती जुनी आहे बघा :)

अजून मागे जाऊ. दबीर शब्दाच्या मुळाशी प्राचीन इराणी 'दिपि' हा शब्द आहे. अर्थ लेख, कोरलेला मजकूर. इ.स.पू. ५२० च्या सुमारास सम्राट दारयवहूने बेहिस्तूनच्या डोंगरावर जो प्रचंड लेख कोरला त्यात हा शब्द आहे. आता अशोकाकडे या. गिरनारला अशोकाचा शिलालेख स्वतःला 'धंमलिपि' म्हणवतो, पण आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे त्याच लेखात 'दिपि' आहे. राजा एक, मजकूर एक, पण वायव्य सरहद्दीवर शब्दाचं इराणी रूप आणि आत देशात 'लिपि'. पाणिनीला लिपि आणि लिबि दोन्ही रूपं ठाऊक होती. आपला 'लिपी' हा शब्द ह्या इराणी 'दिपि'वरून आला, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे देवनागरी लिपीतली 'लिपी' आणि दबिरातला 'दबी' सख्खी चुलत भावंडं.

आणि हे 'दिपि'सुद्धा इराणचं स्वतःचं नाही. ते आलं मेसोपोटेमियातून. अक्कादी भाषेत 'टुप्पु' म्हणजे मातीची लेखनपट्टी आणि त्याच्याही मागे सुमेरी 'दुब'. सुमेरमध्ये लेखनिकाला म्हणत 'दुबसर', म्हणजे पट्टी लिहिणारा. शाळेला म्हणत 'एदुब्बा', म्हणजे पट्ट्यांचं घर. आजच्या इराणमध्ये माध्यमिक शाळेला 'दबीरस्तान' म्हणतात. चार हजारांहून जास्त वर्षं झाली, शाळेच्या नावातला तो 'दब' अजून हलला नाही.

मग राज्यव्यवहारकोशाने हटवलेला हा शब्द कोणाचा? सुमेरी, अक्कादी, इराणी की संस्कृत? सतराव्या शतकात तो मोगलांच्या आणि आदिलशाहीच्या दरबाराचा शब्द होता, म्हणून बाजूला ठेवला गेला आणि त्या वेळच्या राजकारणात ते बरोबरच होतं. पण आज आपण 'हा शब्द आपला, तो परका' अशा चाळण्या लावतो तेव्हा ही साखळी आठवावी. आपण ज्या लिपीत हा शब्द परका ठरवतो, त्या लिपीचं नावच त्याच्या घरातलं आहे.

बरं, आता पुन्हा आडनावाकडे. हुद्दा इतका सगळीकडे पसरला होता, तर आडनाव सगळीकडे का नाही? काश्मीर आणि गुजरातमध्ये दिविर विरून गेले. बंगालमध्ये हुसेनशाहच्या दरबारात (कारकीर्द १४९४ ते १५१९) रूप गोस्वामी 'दबीर खास' होते. पुढे नोकरी सोडून ते चैतन्य महाप्रभूंचे शिष्य झाले. तिथे किताब माणसाबरोबर संपला. हैदराबादच्या जुन्या शहरात दबीरपुरा दरवाजा आहे, म्हणजे नाव जागेला चिकटलं. लखनौत मिर्झा दबीर (१८०३ ते १८७५) हे मर्सियाचे मोठे शायर, पण तो तखल्लुस.

महाराष्ट्रात मात्र हुद्द्याचं आडनाव झालं, कारण आपल्याकडे वतन होतं. काम बापाकडून मुलाकडे जायचं आणि कामाबरोबर नाव. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे सगळे ह्याच साच्यातले. वतन गावचं असो की दरबारातली वंशपरंपरेची नोकरी असो, दोन-तीन पिढ्या झाल्या की लोक घरालाच हुद्द्याने ओळखू लागायचे. कधीकधी मूळ आडनाव पुसूनही जायचं. नाना फडणवीस मुळात भानू, हे आपल्याला मुद्दाम सांगावं लागतं.

हे आडनाव दुर्मिळ का, याचं उत्तरही इथेच आहे आणि ते साधं गणित आहे. पाटील-कुलकर्णी हे गावच्या पातळीवरचे. जितकी गावं, तितकी त्यांची घरं. देशमुख-देशपांडे परगण्याचे, म्हणून त्यांच्यापेक्षा कमी. चिटणीस, फडणीस प्रत्येक मोठ्या सरदाराच्या पदरी असायचे. पण दबीर? एका दरबारात एक. दख्खनमध्ये दरबार असे किती होते? शिवाय १६७४ नंतर मराठी राज्यात त्या पदाला अधिकृत नावच सुमंत पडलं, म्हणजे नवे दबीर तयार होण्याची वाट बरीचशी बंद झाली. आडनावांच्या संख्येचा पिरॅमिड हा बऱ्याच अंशी जुन्या कारभाराचा ऑर्ग-चार्ट आहे.

आणि ह्यातूनच तो सुरुंग लागतो. एका दरबारातला दबीर आणि दुसऱ्या दरबारातला दबीर यांचं एकमेकांशी काही नातं असायची गरज नाही. सगळे मुजुमदार एका घरचे नाहीत, पुण्यातले आणि कोलकात्यातले तर नाहीतच, तसंच हे. दोन कंपन्यांतले दोन 'प्रोजेक्ट मॅनेजर' भाऊ नसतात.

ह्याचा सर्वांत भारी पुरावा इराणमध्ये आहे. तिथे १९२५ मध्ये कायद्याने आडनाव सक्तीचं झालं आणि जुने किताब रद्द झाले. लोकांना घाईने आडनावं शोधावी लागली. कोणी गाव घेतलं, कोणी धंदा, कोणी आजोबांचा हुद्दा. त्यातून तिकडेही दबीर आणि दबीरी तयार झाले. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत ५८ किलो गटाचं सुवर्णपदक ज्याने जिंकलं त्याचं नाव अलिरेझा दबीर. पुढे २०१९ मध्ये तो इराणच्या कुस्ती महासंघाचा अध्यक्ष झाला. आपल्याकडे बातमीत नुसतं 'दबीर, कुस्ती, सुवर्ण' वाचलं असतं तर कोल्हापूरच्या तालमीतलाच वाटला असता!

आता चित्र पुन्हा बदलतंय. नोकरीसाठी दबीर मुंबई-पुण्यात आले, तिथून परदेशी गेले. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणी लोकही अमेरिकेत गेले. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या एखाद्या कंपनीच्या डिरेक्टरीत मराठी दबीर आणि तेहरानचा दबीर एकाखाली एक येऊ शकतात. आडनाव जगभर कुठे आहे ते दाखवणाऱ्या वेबसाइटवर दोघे एकाच रंगाचे ठिपके. त्या ठिपक्यांवरून वंशावळ काढायला गेलं तर हाती काही लागणार नाही. पण एक व्यवसाय कुठे कुठे पोचला होता, हे मात्र दिसेल.

म्हणून 'कुठले?' हा प्रश्न वाईट नाही, अपुरा आहे. चिटणीस, पोतनीस, पारसनीस, सबनीस, कारखानीस, मुजुमदार, असं एखादं आडनाव तुम्ही लावत असाल तर घरच्या मोठ्यांना आणखी दोन गोष्टी विचारून बघा: कोणाच्या पदरी होतो आणि त्याआधी काय लावत होतो? माळ्यावर मोडीतले कागद असतील तर ते रद्दीत जायच्या आत एखाद्या मोडी वाचणाऱ्याला दाखवा. आपल्या आडनावाचं उत्तर रक्तात सापडेलच असं नाही, पण त्या कागदांवर कोणाची तरी सही आणि हुद्दा नक्की असेल.