गालिच्याच्या दुर्गंधीची कुळकथा

वैनगंगेच्या खोऱ्यात, पवनी तालुक्यात, कोंढा नावाचे गाव आहे. सभोवार धानाच्या बांध्या. पावसाळाभर त्यांत पाणी आणि हवेत ओल. अशा प्रदेशी बसावयास काय अंथरावे, याचा निवाडा लोकव्यवहाराने फार पूर्वीच केला आहे. चटई, सतरंजी, घोंगडी ही सारी एका माणसाच्या खांद्यावरून अंगणात जाणारी, सहज झटकता व वाळविता येणारी बिछायत होय. गालिचा या कुळातला नव्हे. तो दरबारातून घरात आला, आणि येताना आपली चाकरमंडळी मागे ठेवून आला. जुन्या गालिच्यास जी दुर्गंधी येते, तिचे मूळ आमच्या मते येथेच आहे.

दरबारात या वस्तूकरिता एक खातेच असे. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त फरासखान्यास एक प्रकरण दिले आहे आणि सुगंधी द्रव्यांस दुसरे. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांतही फरासखाना होता. पुण्यातील फरासखाना पोलीस ठाण्याच्या नावात त्याची स्मृती अद्याप टिकून आहे. बिछायत घालणे, उचलणे, झाडणे व जपून ठेवणे हे फरासाचे काम. अत्तराचा खर्च निराळा आणि झाडण्याची मेहनत निराळी, हा भेद त्या काळी स्पष्ट होता.

भंडारा प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. १८५३ साली तिसरे रघूजी वारले, १८५४ त राज्य खालसा झाले, आणि राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात गेले. दरबार संपला, पण बैठकीची प्रतिष्ठा संपली नाही. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि पुढे जमिनीची मालकी मिळालेल्या मालगुजारांच्या वाड्यांत ती नांदू लागली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द होऊन १९५१ साली तीही व्यवस्था मोडली. गडीमाणसे पांगली. ज्या घरी गालिचा होता, तेथे तो मात्र राहिला. आणि फरासाचे काम न सांगताच घरातील स्त्रियांकडे आले. पाहुण्यांपुढे वास आला की बोल लागतो तोही त्यांनाच! हा न्याय कोणता?

आता वासाचे कारण पाहू. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते, तरी हातास ओली लागत नाही. आपल्याकडील बहुतेक गालिच्यांत गाठी लोकरीच्या व ताणा सुताचा असतो. बुरशीस सूत अधिक मानवते. म्हणून कुबट वास बहुधा खालून, जमिनीच्या बाजूने धरतो. आणि आपण उदाचा धूर देतो तो वरून. धूर विरतो, बुरशी राहते. कडुनिंबाचा पाला व वेखंड कसरीस दूर ठेवण्यासाठी. ओलीवर त्यांचा इलाज चालत नाही.

तेव्हा उपाय फरासाचाच. कोरड्या दिवसांत गालिचा उचलावा, नाकास फडके बांधून पाठीकडून झोडावा, आणि पाठ उन्हाकडे करून वाऱ्यावर टाकावा. रंगाची बाजू प्रखर उन्हात ठेवू नये. खालची जमीनही वाळू द्यावी. मग खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा व सकाळी झाडून काढावा. लहान मुलाच्या किंवा मांजराच्या मुतामुळे अमोनियाचा उग्र दर्प येत असेल, तर पाण्यात थोडा शिरका घालून तेवढीच जागा पुसावी. परंतु आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून रंग सुटत नाही ना, ते पाहावे. धुण्याचा सोडा लोकरीस खातो, तो वर्ज्य. धुणे अटळच असेल तर रिठ्याचे पाणी बरे. इतके करूनही ताणा हाताने तुटू लागला, तर तो कुजला असे समजावे. त्यापुढे कोणतेही औषध नाही.

यांतील एकही काम एकट्या माणसाचे नाही. भिजलेला किंवा मोठा गालिचा उचलावयास चार हात लागतात. वडिलोपार्जित वैभव बैठकीत मिरवावयाचे असेल, तर त्यावर बसणारांनी वर्षातून दोनदा तरी उठून त्याची टोके धरली पाहिजेत. ते होत नसेल, तर सतरंजीवर बसण्यात कोणाचीही अप्रतिष्ठा नाही. कोंढ्याच्या परिसरातील ओल्या हवेत सतरंजीची निवड करणारे आपले पूर्वज दरिद्री होते असे नव्हे; ते जाणते होते.