फ्रिडा काहलोची आत्मचित्रे : निश्चल चेहरा आणि बोलकी प्रतीके

मेक्सिकन चित्रकर्ती फ्रिडा काहलो (१९०७-१९५४) हिच्या एकूण चित्रांपैकी सुमारे एक तृतीयांश आत्मचित्रे आहेत. त्यांकडे बहुधा दुःखाची रोजनिशी म्हणूनच पाहिले जाते. १७ सप्टेंबर १९२५ रोजीच्या बस-अपघातात तिचा पाठीचा कणा मोडला. पुढे अंथरुणाला खिळलेली फ्रिडा पलंगावर बसविलेल्या आरशात पाहून स्वतःला रंगवू लागली. हा तपशील खरा असला तरी पुरेसा नाही. तिच्या चित्रांत अश्रू असले तरी मुद्रा हलत नाही. भावना चेहऱ्यावरून काढून वस्तूंवर सोपविण्याची ही रीत आली कोठून?

तिचे एक मूळ मेक्सिकोतील नवसाच्या चित्रांत आढळते. संकटातून वाचलेला भाविक पत्र्याच्या तुकड्यावर तो प्रसंग रंगवून घेई. वर तारणहार संत, खाली कृतज्ञतेचा मजकूर. १९१० च्या क्रांतीनंतर अशा लोककलेला प्रतिष्ठा लाभली. फ्रिडा व तिचा पती, चित्रकार दिएगो रिवेरा, यांनी ही चित्रे संग्रहित केली होती. डेट्रॉइटमधील गर्भपातानंतर १९३२ साली तिने ‘हेन्री फोर्ड हॉस्पिटल’ हे चित्र धातूच्या पत्र्यावरच काढले. रक्ताळलेल्या पलंगावरील स्त्रीच्या हातातून निघालेल्या लाल फिती गर्भ, गोगलगाय, कटीराचे हाड अशा सहा वस्तूंना जोडल्या आहेत. गोगलगाय म्हणजे गर्भपाताची संथ गती, असे तिनेच सांगितले होते. नवसाच्या चित्राचा हा साचा आहे. मात्र त्यात संत नाही आणि आभारही नाहीत. प्रस्तुत लेखिकेस ही अनुपस्थितीच सर्वाधिक अर्थपूर्ण वाटते.

आंद्रे ब्रेताँने १९३८ मध्ये तिला अतिवास्तववादी ठरविले. आपण स्वप्ने नव्हे, स्वतःचे वास्तव रंगवितो, असे तिचे म्हणणे होते.

‘दोन फ्रिडा’ (१९३९) हे घटस्फोटाच्या वर्षातील चित्र. एक फ्रिडा युरोपीय पांढऱ्या पोशाखात, दुसरी तेहुआना स्त्रियांच्या वेशात. वडील जर्मन व आई मिश्र वंशाची असल्याने हा दुभंग केवळ दांपत्याचा राहत नाही. मेक्सिकोच्या अस्मितेचा प्रश्नही त्यात शिरतो. तेहुआना फ्रिडाच्या हाती दिएगोचे चिमुकले चित्र आहे. तेथून निघालेली रक्तवाहिनी दोन्ही हृदयांतून जाऊन पांढऱ्या घागऱ्यावर तुटते. तेथील फ्रिडा शस्त्रक्रियेच्या चिमट्याने ती दाबून धरते. रक्त थांबत नाही. घागऱ्यावरील तांबड्या फुलांत त्याचे थेंब मिसळतात, आणि दोन्ही चेहरे समोर पाहत राहतात.