‘देव नाही’ अशी पोस्ट टाकली तर गुन्हा होतो का?
भंडाऱ्यात कुणी फेसबुकवर ‘मी देव मानत नाही’ असं लिहिलं, तर तो गुन्हा नाही. सरकारी अर्जात ‘कोणताही धर्म नाही’ असं लिहिण्याचा हक्कही मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केलाय.

अडचण येते भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मुळे. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने एखाद्या वर्गाच्या धर्माचा अपमान केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. हे इंग्रजांनी १९२७ मध्ये आणलेलं जुनं २९५-ए. फाळणीनंतर ते पाकिस्तानातही राहिलं. पण तिथे १९८६ मध्ये २९५-सी जोडलं गेलं. प्रेषितांच्या अवमानाला थेट मृत्युदंडाची तरतूद, आणि हेतूची अटच नाही!

आपल्याकडे हेतू सिद्ध करावा लागतो, पण तो कोर्टात. अटक त्याआधीच होऊ शकते, कारण हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.