फावडे आणि हिशेबाची वही

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी दोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळ यांची भूमी हादरली. काही मिनिटांत मुंगेरचा बाजार जमीनदोस्त झाला. मुझफ्फरपूर, दरभंगा, मोतीहारी येथील पक्की घरे कोसळली; काठमांडूच्या खोऱ्यातील मंदिरे आणि वाडे ढासळले. भारत व नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. परंतु गंगेच्या उत्तरेकडील शेतकऱ्यावर ओढवलेले संकट निराळेच होते. जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून पाणी व वाळू उसळून वर आली. पिकाऊ शेते वाळूखाली गेली, विहिरी बुजल्या, नदीनाल्यांची पात्रे उथळ झाली. साखरेचे कारखाने मोडल्यामुळे उभा ऊस शेतातच सुकण्याची पाळी आली.

संकटग्रस्ताला अन्नवस्त्र देणे ही आपल्या समाजाची जुनी रीत होय. दुष्काळात अन्नछत्रे उघडणारे सावकार आणि संस्थानिक लोकांना ठाऊक होते. बिहारमध्ये मात्र अन्नछत्राने भागणारे नव्हते. ढिगारे उपसावयाचे होते, विहिरी मोकळ्या करावयाच्या होत्या, शेतांवरची वाळू दूर करावयाची होती. त्यासाठी दात्यांबरोबरच हजारो राबणारे हात हवे होते. आणि ते हात एका शिस्तीत चालले पाहिजेत, हीही गरज होती.

त्या वेळची राजकीय स्थिती ध्यानात घेतली म्हणजे या कार्याची अडचण कळते. सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती. बिहारचे पुढारी राजेंद्रप्रसाद हे बंदिवान होते आणि दम्याने जर्जर झाले होते. भूकंपानंतर दोनच दिवसांनी, १७ जानेवारीस, त्यांची सुटका झाली. प्रकृतीची पर्वा न करता त्यांनी बिहार केंद्रीय साहाय्य समिती उभी केली आणि साऱ्या देशाला हाक दिली. जवाहरलाल नेहरू मुंगेरला गेले, तेव्हा त्यांनी स्वतः फावडे व टोपली हाती घेऊन ढिगारा उपसला. काही दिवसांतच त्यांना पुन्हा अटक झाली. मार्चमध्ये गांधीजी पाटण्यास आले. या कार्यात सरकारशी आदरपूर्वक सहकार्य करावे, असा ठराव त्यांच्याच पुढाकाराने समितीने संमत केला. ज्यांनी तुरुंगात टाकले त्यांच्याशी सहकार्य करण्याचा हा निर्णय पुष्कळांना सोपा गेला नसेल. तथापि वाळूखाली गेलेल्या शेताला काँग्रेसचे फावडे कोणते आणि सरकारचे कोणते, याच्याशी कर्तव्य नव्हते.

समितीच्या हिशेबाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आले. हे गृहस्थ व्यवसायाने हिशेबतपासनीस. देशभरातून आलेल्या निधीतील पै न् पै संकटग्रस्ताची आहे, हे त्यांनी ठाम धरले आणि स्वयंसेवकांच्या जेवणखर्चावर कडक मर्यादा घातली. गांधीजींच्या मंडळींचा खर्चदेखील या निधीतून करता येणार नाही, असे त्यांनी कळविले. गांधीजींनी ते आनंदाने मान्य केले. वरकरणी ही गोष्ट लहान. परंतु सेवेच्या नावाखाली गोळा झालेला पैसा सेवकांवरच खर्ची पडू लागला, म्हणजे लोकांचा विश्वास उडतो आणि पुढच्या संकटात कोणी हात सैल करीत नाही. कुमारप्पांची वही म्हणूनच फावड्याइतकीच उपयोगी ठरली.

याच सुमारास एक परदेशी स्वयंसेवक बिहारमध्ये दाखल झाला. पिएर सेरेसोल हे त्याचे नाव. जन्म १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले, शिक्षण अभियंत्याचे. लष्करी कर भरण्यास नकार दिल्याबद्दल सेरेसोल यांनी तुरुंगवास सोसला होता. युद्धाला केवळ विरोध करून भागत नाही, सैनिकाइतकीच कष्टाची दुसरी सेवा तरुणांपुढे ठेवली पाहिजे, असे त्यांचे मत होते. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले फ्रान्समधील व्हेर्दांजवळचे एन हे गाव पुन्हा बांधण्यासाठी १९२० मध्ये त्यांनी एक तुकडी नेली. तीत जर्मन स्वयंसेवकही होते. युद्धाच्या जखमा ओल्या असल्यामुळे तो प्रयोग काही महिन्यांतच आवरावा लागला. परंतु १९२७ मध्ये ऱ्हाइन नदीचा बांध फुटून लिख्टेनश्टाइन हे चिमुकले राज्य गाळाखाली गेले, तेव्हा पुढल्या वर्षी नाना देशांचे सातशेहून अधिक स्वयंसेवक तेथील शेते साफ करण्यास जमले. यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था आकारास आली.

१९३४ ते १९३७ या काळात सेरेसोल तीन वेळा बिहारमध्ये आले. सोबत मोजकेच युरोपीय सहकारी होते. मुझफ्फरपूर भागातील काही गावे भूकंपानंतर पुराच्या तोंडी सापडत होती. ती उंच जागी हलवून नव्याने वसविण्याचे काम त्यांनी पत्करले. सरकारी अधिकारी आणि राजेंद्रबाबूंची समिती या दोघांशीही त्यांनी स्नेह राखला. गोऱ्या माणसाने शेतकऱ्यांच्या बरोबरीने मातीची टोपली वाहावी, हे दृश्य त्या काळी दुर्मीळ होते. त्यांनी उभारलेल्या वस्तीला शांतिपूर हे नाव मिळाले. भूकंपाची बातमी वृत्तपत्रांतून केव्हाच मागे पडली होती. तरी हा माणूस पुन्हा पुन्हा येत राहिला, हे त्याच्या सेवेचे खरे मोल.

स्वयंसेवकाला केव्हा केव्हा दारही बंद होते. ३१ मे १९३५ रोजी भूकंपाने क्वेट्टा शहर उद्ध्वस्त केले. ती लष्करी छावणी. सरकारने बाहेरच्या सेवकांना प्रवेश नाकारला. गांधीजी व राजेंद्रबाबू यांनाही परवानगी मिळाली नाही. तेव्हा तेथून सिंध व पंजाबात आलेल्या निराश्रितांची सेवा लोकांनी हाती घेतली.

सेरेसोल यांना बिहारमध्ये पडलेला प्रश्न महाराष्ट्रापुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी उभा राहिला. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत देशाच्या सर्व भागांतून मदतीचा ओघ लागला. पुढे सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. पहिल्या आठवड्यात मदतनिसांची दाटी होते. नवे गाव उभे राहावयास मात्र वर्षे लागतात. शिवाय अननुभवी माणसांची गर्दी ही संकटस्थळी नवे संकट ठरू शकते, हेही अनुभवाने कळून आले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना आधीच प्रशिक्षण देण्याची कल्पना आहे. तिचे मूळ याच अनुभवात आहे.

भूकंप कोणत्या घटकेस होईल, हे मनुष्यास सांगता येत नाही. त्यानंतर कसे वागावे, हे मात्र त्याच्या हाती आहे. ती वागणूक बिहारमधील माणसांनी घालून दिली: कारागृहातून थेट कामावर आलेल्या नेत्याने, गांधीजींचाही खर्च नाकारणाऱ्या हिशेबनिसाने, आणि दूरदेशाहून येऊन परक्या गावाची माती डोक्यावर वाहणाऱ्या अभियंत्याने. करुणा पहिल्या दिवशी सर्वांनाच येते. ती तिसऱ्या वर्षीही कामावर हजर असेल, तरच तिला सेवा म्हणावे.