डबक्यांतून बेटांकडे

बेटांवरील जीवसृष्टीच्या अभ्यासाचा इतिहास पाहूं गेल्यास वॉलेसचें नांव प्रथम डोळ्यांपुढें येतें. १८५४ ते १८६२ अशीं आठ वर्षें तो मलाया द्वीपसमूहांत हिंडला आणि कोणता प्राणी कोणत्या बेटावर आढळतो व कोणत्या नाहीं, याचा विचार करावयास त्यानें जगास शिकविलें. या विचारांत गोड्या पाण्यांतील कीटकांचा प्रश्न विशेष बिकट आहे. ज्यांचें बाल्य गोड्या पाण्यावांचून सरत नाहीं, ते खारा समुद्र ओलांडून बेटावर पोंचले कसे? याचें उत्तर शोधतांना आमच्या हिंगोलीच्या डबक्यांपर्यंत यावें लागतें, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल.

पावसाळा सरतांना कयाधूच्या कांठच्या शेतांवर पिंवळसर चतुर थव्यांनीं तरंगूं लागतात. या जातीचें शास्त्रीय वर्णन फाब्रिसिउस या डॅनिश पंडितानें १७९८ सालीं केलें. पुढें फ्रेझर या लष्करी डॉक्टरानें हिंदुस्थानांतील चतुरांवर १९३३ ते १९३६ या काळांत तीन खंड प्रसिद्ध केले. या चतुराची मादी पावसाच्या उथळ पाण्यांत अंडीं घालते, आणि डांसांच्या अळ्यांवर पोसलेलें पिलूं डबकें आटण्यापूर्वींच, दीड-दोन महिन्यांत, पंख फुटून बाहेर पडतें.

मालदीवचीं सुमारें १,२०० बेटें प्रवाळांचीं. तेथें पडलेला पाऊस वाळूंत मुरतो. उघडें गोडें पाणी दुर्मिळ. तरी ऑक्टोबर महिन्यांत हेच चतुर तेथें लक्षावधींनीं उतरतात. चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञानें वर्षानुवर्षें त्यांची नोंद ठेविली आणि २००९ सालीं असें अनुमान मांडलें कीं, ते हिंदुस्थानांतून ईशान्येच्या वाऱ्यावर निघून मालदीव व सेशेल्स या मार्गानें पूर्व आफ्रिकेस जातात. पुढच्या पिढ्या नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्याबरोबर परततात. हा सारा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरांचा. २०१६ सालीं निरनिराळ्या खंडांतील चतुरांचीं जनुकें ताडून पाहतां त्यांत फारच थोडा भेद आढळला. त्यामुळें दूरच्या प्रवासाच्या कल्पनेस बळकटी आली.

तात्पर्य, बेटावरील कीटक मोजून अभ्यास पुरा होत नाहीं. ते जेथून निघाले, तेथील पाणीही पाहिलें पाहिजे. हिंगोलीचा कोणता चतुर कोणत्या बेटावर उतरला, हें कोणी सांगूं शकणार नाहीं. परंतु डांसांचें माहेर म्हणून जें डबकें आम्ही सरसकट बुजवितों, तेंच डांसांच्या शत्रूचेंही माहेर आहे, एवढें तरी ध्यानांत घ्यावें. अँडरसननें ठेविली तशी नोंद ठेवावयास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. पहिला थवा कोणत्या दिवशीं आला, वारा कोणीकडचा होता, हें दरवर्षीं टिपणें आमच्या गांवोगांवच्या शिक्षकांस व मुलांस सहज साधेल. अशी दहा वर्षांची एक वही झाली, तर त्या दूरच्या बेटांच्या इतिहासाचें एक पान हिंगोलींत लिहिलें जाईल.