नरपड–डहाणू परिसर : हवा, हवामान व फुप्फुसचिकित्सा

नरपड हे पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील किनारी गाव. दक्षिणेस डहाणू शहर, उत्तरेस चिखले, घोलवड व बोर्डी. किनाऱ्याला सुरूची झाडे, आत चिकूच्या वाड्या आणि पूर्वेस तलासरीपर्यंत वारली पाडे. डहाणू खाडीकाठच्या ५०० मेगावॉट कोळसा-वीजकेंद्रामुळे इथल्या हवेचा प्रश्न देशभर गाजला.

नियमन : वीजकेंद्राच्या १९८९च्या पर्यावरण मंजुरीतच धुरातील गंधक काढणाऱ्या यंत्रणेची अट होती. मंजुरीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च १९९१ रोजी फेटाळले. मात्र ही अट परस्पर शिथिल करू नये असे बजावले. २० जून १९९१च्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. बिट्टू सेहगल यांच्या याचिकेवरील १९९६च्या निकालानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने गंधकवायू शोषणारी ती यंत्रणा २००७ मध्ये सुरू झाली. वैद्याच्या भाषेत, औषध लिहून दिले १९८९ मध्ये आणि रोग्याच्या पोटात गेले २००७ मध्ये. चिकूचे उत्पादन घटण्याचा धुराशी किती संबंध, यावर बागायतदार व वीजकंपनी यांचे मत जुळलेले नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातील बहुसंख्य कोळसा-वीजकेंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट दिली.

मानके : गंधक डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा (२००९) सर्वसाधारण क्षेत्रात घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, तर केंद्राने अधिसूचित केलेल्या संवेदनशील क्षेत्रात २०. सूक्ष्मकणांची (पीएम २.५) भारतीय वार्षिक मर्यादा ४०, जागतिक आरोग्य संघटनेची (२०२१) ५. दम्याच्या रोग्याची श्वासनलिका गंधकवायूने काही मिनिटांत आवळते. हाच वायू पुढे हवेत सल्फेटचे सूक्ष्मकण होतो, म्हणून चिमणीपासून दूरची गावेही सुटत नाहीत.



दवाखान्यातील काम : ‘विडी ओढता का?’ या एका प्रश्नावर थांबणारा डॉक्टर इथे फसतो. कुडाच्या घरात आत पेटणारी चूल, पावसाळ्यात ओला लाकूडफाटा, फुंकणीवर वाकलेली बाई : तिला विडी न ओढताही सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसरोग) होतो. केसपेपरवर ‘चूल, इतकी वर्षे’ अशी नोंद हवी. गॅसची शेगडी घरात आहे म्हणजे चूल विझली, असे धरू नये. सिलिंडर संपला की पुढचा भरेपर्यंत काय जाळता, तेही विचारावे.

धुराला इथे हंगाम आहे. पावसाळ्याआधी भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण व फांद्या पसरून राब भाजतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती उन्हाळा सरताना परततात. म्हणून दम्याच्या रोग्याला पुढची तारीख महिना मोजून न देता ‘राब भाजायच्या आधी या’ असे सांगितलेले बरे, आणि भट्टीवर निघणाऱ्याच्या हातात निघण्यापूर्वीच काही महिन्यांचा औषधसाठा द्यावा. भट्टीवरून परतलेल्याचा खोकला क्षय म्हणून तपासावाच. थुंकीत जंतू नसतील तर पीक फ्लो मीटरमध्ये जोराने फुंकायला लावावे. साधी प्लॅस्टिकची नळी, पण धाप किती हे रोग्यालाही आकड्यात दिसते.

मास्कचा सल्ला चुलीपुढे निरुपयोगी. चूल पडवीत आणणे अधिक कामाचे. वृद्धांना फ्लूची लस सुचवावी.

हवामान : दमट उष्म्यात सीओपीडीच्या रोग्याची धाप वाढते, पावसाळ्यात बुरशीने दमा उठतो. उन्हाळ्यात अशा रोग्यांच्या पाणी पिण्याकडे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांकडे पुन्हा पाहावे लागते. राष्ट्रीय हवामानबदल व मानवी आरोग्य कार्यक्रम २०१९ पासून आहे.

डॉक्टरच्या चिठ्ठीचाही हवामानावर भार पडतो. दाबाच्या पंपातील (इन्हेलरमधील) वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरतो. जोराने ओढू शकणाऱ्या मोठ्या माणसाला कोरड्या पुडीची कॅप्सूल (रोटाकॅप) चालते व स्वस्तही पडते. लहान मुलांना आणि दम्याच्या जोराच्या झटक्यात मात्र पंप व त्याला जोडायचा स्पेसरच हवा, तिथे हवामानाचा हिशेब मांडू नये. मे २०२१ च्या तौक्ते वादळासारख्या वेळी वीज गेली की नेब्युलायझर बंद पडतो. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडले की स्पेसर होतो. त्याला वीज लागत नाही.