जस्त: पत्र्यावरचे आणि पानावरचे

चाकण, पिंपरी-चिंचवडच्या शाळांत जस्त शिकवताना आपण साहजिकच कारखान्याचे उदाहरण देतो. लोखंडी पत्रा गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा लेप देतात. पण कारखान्याच्या कुंपणापलीकडच्या शेतातील पिकालाही जस्त लागते, अगदी अल्प प्रमाणात. हे कसे कळले?

पानांवाटे पिकाला क्षार देण्याची कल्पना जुनी आहे. १८४४ च्या सुमारास फ्रान्समध्ये यूझेब ग्री यांनी पिवळ्या पडलेल्या पानांना लोहक्षाराचे द्रावण लावले, तेव्हा ती पुन्हा हिरवी झाली.

आपल्याकडची गोष्ट हिमालयाच्या पायथ्याच्या तराई भागातली. तेथे भाताच्या पानांवर काताच्या रंगाचे डाग पडून रोपे खुरटत. या रोगाला 'खैरा' म्हणत. पंतनगर कृषी विद्यापीठात य. ल. नेने हे मूळचे ग्वाल्हेरचे वनस्पतिरोगतज्ज्ञ काम करीत होते. रोग म्हटला की रोगतज्ज्ञ आधी जंतू शोधणार. पण १९६६ मध्ये नेने यांनी दाखवून दिले, की खैऱ्याचे कारण जस्ताची कमतरता हे आहे. उपाय सोपा होता: हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट व अडीच किलो विरवलेला चुना हजार लिटर पाण्यात मिसळून फवारायचा. चुना कशाला? नुसत्या झिंक सल्फेटने पाने करपू शकतात.

त्याच दशकात माणसांविषयीही असेच कोडे सुटत होते. इराणमध्ये वाढ खुंटलेले तरुण पाहून डॉ. आनंद प्रसाद व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये जस्ताच्या कमतरतेची शंका मांडली. या तरुणांचे मुख्य अन्न होते न आंबवलेली गव्हाची रोटी. धान्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते, त्यामुळे ते शरीराला मिळत नाही.

म्हणजे पीक तरारले तरी खाणाऱ्याला जस्त मिळेलच असे नाही. पुढे गव्हावरील प्रयोगांत दिसले, की फुलोऱ्यानंतर, दाणा चिकात असताना केलेल्या फवारणीने दाण्यातील जस्त वाढते. सुरुवातीची फवारणी मुख्यतः पिकाच्या वाढीला उपयोगी पडते. फवारणी मात्र दर हंगामात करावी लागते. दुसरा मार्ग बियाण्याचा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आलेला 'धनशक्ती' हा लोहसमृद्ध बाजरीचा वाण त्याचे उदाहरण.

वर्गात जस्ताचा पत्रा दाखवताना शेजारी मोड आलेली मटकीही ठेवावी, असे आम्हाला वाटते. मोड येताना फायटेट कमी होते. आजीच्या या जुन्या रीतीमागचे रसायन मुलांनीच शोधू द्या.